पानातले मीठ

केळीच्या पानावर वाढलेले भोजन हे आपल्या मराठी संस्कृतीचे एक बोलके चित्र आहे. पानाचे निमुळते टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येईल असे पान मांडायचे. वरच्या कडेला मध्यभागी मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचे व कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, आणि समोर पांढऱ्याशुभ्र भाताची मूद, तिच्यावर पिवळे वरण व तुपाची धार. या मांडणीत शोभेइतकीच सोयही आहे. उजव्या हाताने जेवणाऱ्याला जे पोटभर खायचे ते हाताशी येते आणि जे केवळ चाखायचे ते पलीकडे राहते. मीठ निराळे वाढल्यामुळे प्रत्येकाला आपापल्या रुचीप्रमाणे ते घेता येते.

या चिमूटभर मिठावरून कोणे एके काळी माणसाच्या श्रद्धेची परीक्षा होत असे, हे आज खरे वाटणार नाही. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासन स्थापन झाले. त्याची सत्ता पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील मुलखावर, म्हणजे आपल्या वसईवरही, चालत होती. १७३६ मध्ये या न्यायासनाने एक लांबलचक आज्ञापत्र काढले. ख्रिस्ती घरांत तुळस लावू नये, पुरुषांनी धोतर नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये, अशा आज्ञांबरोबरच त्यात स्वयंपाकघरासाठीही एक आज्ञा होती: हिंदूंप्रमाणे भात अळणी शिजवून मागाहून त्यात मीठ घेऊ नये. इतिहाससंशोधक अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात इन्क्विझिशनचा हा सारा इतिहास मांडला आहे.

यातील विसंगती मनाला बोचते. बाप्तिस्म्याच्या त्या काळच्या विधीत धर्मगुरू बालकाच्या जिभेवर मीठ ठेवीत असत. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने आपल्या शिष्यांना मिठाचीच उपमा दिली. तेच मीठ पानाच्या कडेला दिसताच संशयास्पद ठरले! शिवाय, श्रद्धेला व नीतीला बाधक नसलेले लोकांचे रीतिरिवाज बदलावयास लावू नयेत, असा स्पष्ट उपदेश रोमच्या धर्मप्रसार मंडळाने १६५९ मध्येच आशियात जाणाऱ्या आपल्या प्रतिनिधींना केला होता. हा शहाणपणा गोव्याच्या न्यायासनापर्यंत पोहोचला नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला आणि येथील पोर्तुगीज सत्ता संपली. गोव्यातील न्यायासन मात्र, मधली काही वर्षे वगळता, १८१२ पर्यंत टिकले.

ख्रिस्तसभेने या भूतकाळापासून तोंड फिरविलेले नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर १९६९ मध्ये भारतातील उपासनेसाठी बारा भारतीय रीतींना रोमची संमती मिळाली. मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा आणि वेदीवरील पवित्र वस्त्राऐवजी तबक वापरण्याची मुभा त्यांत होती. ज्या ख्रिस्तसभेतील एका न्यायासनाने आपल्या पानातील मिठावर बोट ठेवले, तिनेच आपल्या घरातले तबक वेदीवर स्वीकारले! पुढे १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी, सत्याच्या नावाखाली ख्रिस्ती लोकांनी केलेल्या असहिष्णुतेबद्दल देवाजवळ जाहीर क्षमा मागितली.

मग आपल्या घरच्या पानाचे काय? त्या मांडणीवर आज कोणाचीही बंदी नाही. ती मोडते आहे केवळ आपल्या घाईमुळे. एकाच ताटात भात, कालवण आणि भाजी एकावर एक ओतून, दूरदर्शन संचापुढे बसून चार घास गिळणे हे आता अनेक घरांत अंगवळणी पडले आहे. सुबक वाढण्यासाठी पैसा लागत नाही. कालच्याच कालवणाला वेगळी वाटी, भाताची एक मूद, कडेला लिंबाची फोड एवढे पुरते. कोणीतरी आपल्यासाठी थांबून, विचार करून वाढले आहे हे जेवणाऱ्याला त्यातून कळते.

येशूच्या पुनरुत्थानानंतर अम्माऊसच्या वाटेवर दोघा शिष्यांना सोबत्याची ओळख पटली ती भाकर मोडताना, भोजनाच्या पंगतीत. आपल्याही घरात माणसे एकमेकांना तेथेच ओळखतात. येत्या रविवारी मिस्सेहून परतल्यावर सर्वांची पाने एकत्र मांडा, आधी प्रार्थना म्हणा, आणि वरच्या कडेला मीठ वाढायला विसरू नका.