पाल्य, पालक आणि हद्द

प्रगतिपुस्तकावर ‘आपला पाल्य’ हे शब्द मी नोकरीत किती वेळा लिहिले असतील, मोजदाद नाही. या शब्दामागे एक कायदा उभा आहे, हे मात्र फारसं कोणाच्या ध्यानात येत नाही. पालक व पाल्य कायदा, सन १८९०. इंग्रजांच्या काळातला, अजून चालू आहे.

दुसऱ्याच्या घरी मूल वाढणं आम्हा कोकणातल्यांना नवीन नाही. पोरगा शिकायला मुंबईच्या काकाकडे, मुलगी गोव्याच्या मावशीकडे. त्यासाठी कोणी कोर्टाची पायरी चढलं नाही. नातं हाच जामीन होता. पण ज्याला नातंच नाही, त्याला जामीन कोण?

१८९० च्या कायद्याने ते काम जिल्हा न्यायालयाला दिलं. आम्हा कणकवलीकरांचं जिल्हा न्यायालय तेव्हा रत्नागिरीचं. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. पालक नेमताना मुलाचं हित बघायचं, मूल जाणतं असेल तर त्याची इच्छा लक्षात घ्यायची. शिवाय न्यायालयाने नेमलेल्या पालकाने परवानगीशिवाय मुलाला न्यायालयाच्या हद्दीबाहेर हलवायचं नाही. म्हणजे हद्द ओलांडताना मुलाची काळजी वाढते, हे तेव्हाच ओळखलं होतं.

पुढे १९५६ चा दत्तक कायदा आला, तो हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यापुरता. परदेशी जोडप्यांना त्याचा उपयोग नव्हता. मग ती याच जुन्या कायद्याखाली पालक म्हणून नेमणूक घेत, मूल ‘पाल्य’ म्हणून विमानात बसे आणि दत्तविधान होई तिकडच्या कायद्याने. यात गैरप्रकार शिरले. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला. आधी देशातलं घर शोधा. मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच मूल द्या. घेणाऱ्यांच्या घरची चौकशी करा. अर्जाची नोटीस वर्तमानपत्रात छापू नका. त्या निकालाच्या पाठोपाठ १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संस्था (‘कारा’) स्थापन झाली.

आज अर्ज संगणकावर होतो. महाराष्ट्रातलं बाळ तमिळनाडूतही जाऊ शकतं. मात्र १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार न्यायाधीशांकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. कारण सांगितलं गेलं विलंबाचं. ते खोटं म्हणवत नाही. कायद्यात दोन महिन्यांची मुदत होती, पण प्रकरणं रेंगाळत. रांगत्या बाळाचे सहा महिने म्हणजे आपल्यासारख्या म्हाताऱ्यांचे सहा महिने नव्हेत.

तरी मन थोडं अडखळतं. जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर पूर, निवडणुका, भूसंपादन, सगळंच असतं. न्यायाधीशासमोर निदान त्या घटकेला एकच मूल असे. कायद्याने विचारायचे प्रश्न आजही तेच आहेत: हे मुलाच्या हिताचं आहे का? त्याच्या इच्छेचा विचार झाला का? कुठे पैसे तर दिले-घेतले नाहीत ना?

असो. सही कोणाची, यावर जाणकार वाद घालोत. ज्या लेकराच्या वतीने बोलायला कोणी नाही, त्याच्यासाठी हे तीन प्रश्न सही करणाऱ्याने स्वतः विचारावेत, कारकुनाने भरून आणलेल्या रकान्यांवर भागवू नये, एवढंच मागणं आहे.