घर धन्याचे, दर्शन गावाचे



ऐतिहासिक वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ला येतो, लेणे येते, देऊळ येते. शेजाऱ्याची ओसरी काही येत नाही. तलवाड्याच्या माणसाला वारसा दाखव म्हटले तर तो टेकडीवरच्या त्वरितादेवीकडे बोट करील, फार तर गोदाकाठच्या राक्षसभुवनाचे नाव घेईल. तेथे १७६३ साली थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. पण देवीच्या वाटेवर जी जुनी दगडी घरे उभी आहेत, ज्यांच्या ढाळजेत बसून पिढ्यान् पिढ्या माणसांनी गप्पा मारल्या, त्यांना वारसा म्हणावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते या घरांविषयी. आणि त्यांतही एका साध्या प्रश्नाविषयी. जुन्या वस्तीतल्या घराचा धनी दुरुस्तीची परवानगी मागतो, तेव्हा त्याचा अर्ज कोणी तपासावा आणि काय पाहून तपासावा?

प्रश्न नवा वाटला तरी त्याचे मूळ जुने आहे. आपल्या गावाचे दोन भाग पूर्वापार मानले जातात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. काळीचा हिशेब सरकारच्या दप्तरात असे, कारण तिच्यावर सारा होता. पांढरीचा कारभार बराचसा रीतीवर आणि शब्दावर चाले. गल्लीत पायरी किती पुढे घ्यावी, पन्हळीचे पाणी कोणाच्या अंगणात पडावे, शेजाऱ्याच्या चौकात डोकावणारी खिडकी काढावी की नाही, हे पाटील आणि चार जाणती माणसे ठरवीत. शहरात हेच काम कोतवालीकडे असे. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाच्या कामांत गल्ल्या, जागा आणि घरे यांचे तंटे सोडविणे हे एक काम होते. म्हणजे आपल्या घराच्या बाहेरच्या अंगावर चार लोकांचा काही हक्क पोहोचतो, ही कल्पना परदेशातून आलेली नाही. मात्र त्या काळी प्रश्न तंट्याचा होता, जपणुकीचा नव्हता. घरे त्याच गवंड्याने, त्याच दगडाने आणि त्याच मापाने बांधली जात. तेव्हा गल्लीचे रूप कोणी मुद्दाम जपावे लागत नसे.

इंग्रजी अमलात १९०४ साली प्राचीन स्मारकांचा कायदा झाला. आपला भाग निजामाच्या राज्यात होता. तेथे १९१४ साली पुराणवस्तू खाते निघाले आणि गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली अजिंठ्यासारख्या लेण्यांची निगा सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर १९५८ साली केंद्राचा आणि १९६० साली महाराष्ट्र राज्याचा असे दोन कायदे आले. हे सारे कायदे स्मारकांचे होते. ज्या घरात चूल पेटते, ज्यात बाळंतपणे होतात आणि ज्याच्या वाटण्या होतात, त्या घराचा विचार त्यांत मुख्यत्वे नव्हता. गंमत अशी की त्याच १९५८ साली ग्रामपंचायतीचा कायदा झाला आणि गावठाणात बांधकाम करण्यास पंचायतीची परवानगी लागेल असे त्यात ठरले. एकाच वर्षी स्मारक एका दप्तरात गेले, घर दुसऱ्या दप्तरात गेले. आणि दोन्ही दप्तरांची भेट पुढे बराच काळ झाली नाही.

इतर देशांत ही भेट थोडी आधी झाली. अमेरिकेतील चार्ल्सटन शहराने १९३१ साली आपल्या जुन्या वस्तीभोवती रेघ ओढली आणि त्या रेघेच्या आतील घरांच्या बाह्यरूपात बदल करावयाचा तर एका मंडळाची संमती हवी असा नियम केला. फ्रान्सने १९६२ साली, तर इंग्लंडने १९६७ साली संपूर्ण वस्त्या जपण्याची कायदेशीर तरतूद केली. या सर्वांमागे एकच अनुभव होता. एक सुंदर इमारत राखली आणि भोवतालची साधी घरे पाडली, तर त्या इमारतीला अर्थ उरत नाही. गल्ली ही सगळ्या घरांची मिळून होते.

आपल्याकडे मुंबईने १९९५ साली हे काम नियमाने हाती घेतले. मुंबईच्या नियमांत केवळ पाडापाडीच नव्हे, तर दुरुस्ती, गिलावा आणि रंगसुद्धा परवानगीच्या कक्षेत घेतला आहे. परवानगी महापालिका आयुक्तांनी द्यावयाची आणि त्यांना वारसा संवर्धन समितीने सल्ला द्यावयाचा, अशी ती व्यवस्था. इमारतींच्या तीन श्रेणी केल्या. पहिल्या श्रेणीत आतबाहेर शक्यतो हात लावावयाचा नाही. दुसरीत आतील बदलांना वाव, पण बाहेरच्या रूपाची कसून तपासणी. तिसरीत दोन्हीकडे बरीच मोकळीक. शिवाय, नियमामुळे ज्या धन्याला आपल्या जागेवर वाढीव बांधकाम करता येत नाही, त्याला तो हक्क दुसरीकडे वापरता किंवा विकता यावा, अशी तरतूद ठेवली. ही शेवटची गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. गावाला दर्शन हवे असेल तर त्याची किंमत एकट्या धन्याने का भरावी, हा प्रश्न त्या नियमांनी निदान मान्य केला.

तरीही नियम म्हणजे रक्षण नव्हे. गिरगावातील खोताची वाडी पाहा. लाकडी व्हरांड्यांची आणि बाहेरून जिन्यांची ती टुमदार वस्ती. तेथे एके काळी साठ-पासष्ट जुनी घरे होती असे सांगतात. आज त्यांच्या निम्मीही उरलेली नाहीत. घरात वारस दहा, लाकूडकामाचा कारागीर मिळत नाही, आणि शेजारी उंच इमारतीचा भाव डोळ्यांसमोर. अशा वेळी नुसता ‘नाही’ म्हणणारा कागद घराला फार दिवस उभे ठेवू शकत नाही.

दुसरा अनुभव संरक्षित स्मारकांजवळ राहणाऱ्यांचा. केंद्राच्या स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आणि त्यापुढे आणखी दोनशे मीटरपर्यंत परवानगीचे बंधन, ही रेघ १९९२ साली आखली गेली आणि २०१० साली ती कायद्यातच घातली गेली. जुन्या घराच्या दुरुस्तीला तेथे वाव ठेवला आहे, अर्ज कोणाकडे करावा हेही ठरविले आहे. परंतु शंभर मीटरची रेघ ही दोरीने मोजलेली रेघ आहे. तिच्या आत एखादा देखणा वाडा येतो आणि कालपरवाची पत्र्याची टपरीही येते. दोघांनाही तोच नियम. अंतर मोजणे सोपे असते, घर वाचणे अवघड असते. अर्ज तपासणाऱ्याचे खरे काम हे दुसरे आहे.

आता आपण मराठवाड्याकडे वळू, कारण येथे या प्रश्नात जिवाचा प्रश्न मिसळलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत, हजारो माणसे झोपेतच दगडमातीखाली गेली. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या दिवसापासून आपल्याकडच्या आयाबायांच्या मनात माळवदाची भीती बसली, आणि त्या भीतीला हसण्याचा अधिकार कोणत्याही इतिहासप्रेमी माणसाला नाही. मात्र घरे का पडली हे नीट समजून घेतले पाहिजे. भिंती जाड होत्या, पण दोन बाजूंचे दोन पदर आणि मध्ये भरताड, अशा रचलेल्या होत्या. दोन्ही पदरांना जोडणारा आरपार दगड नव्हता, सांध्यांत नुसता चिखल होता. माळवदावर दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी पांढरीची माती टाकत गेल्याने वर्षानुवर्षे ओझे वाढले होते. काही घरांत तर लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती ढासळल्या. म्हणूनच नंतर तज्ज्ञांनी जे उपाय सांगितले त्यांत, भिंतीत आरपार दगड बसवावेत, माळवदावरची जास्तीची माती उतरवावी आणि खांब-तुळईच्या सांध्याला तिरपे आधार द्यावेत, हे उपाय होते. घर जुने होते म्हणून पडले असे नव्हे; सांधे कच्चे आणि ओझे फार, म्हणून पडले.

हे ध्यानात ठेवून एक अर्ज तपासून पाहू. समजा, तलवाड्यासारख्या गावातील जुन्या गल्लीत पाच खणांचे घर आहे. धनी चार गोष्टी मागतो. माळवद काढून स्लॅब टाकावयाचा आहे. दर्शनी दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा करावयाचा आहे. चौकटीसकट दार काढून तेथे लोखंडी शटर बसवून दुकान काढावयाचे आहे. आणि मागच्या परसात न्हाणी व संडास बांधावयाचा आहे.

चौथी मागणी प्रथम घ्या. ती त्याच दिवशी मंजूर व्हावी. परसात गल्लीचे काही जात नाही आणि घरातल्या बायकांची सोय मोठी होते. पहिल्या मागणीला ‘जुनेच ठेवा’ असे उत्तर देणे हा अन्याय होईल. गळके माळवद रात्री कोण सांभाळते, पातेली कोण मांडते, हे अर्ज तपासणाऱ्याने स्वतःला विचारावे. पण चिखलात बांधलेल्या भिंतींवर जड स्लॅब ठेवणे हेही धोक्याचेच आहे. तेव्हा भिंती आधी बांधून घ्या, माती उतरवा, हलके छत घाला, आणि गल्लीतून दिसणारी छताची रेघ आहे त्या उंचीवर ठेवा, असा सल्ला द्यावा. दुसरी मागणी नाकारावी. पण का, ते समजावून. मातीच्या सांध्यांची भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट थापले की ओल आतच कोंडते आणि भिंत आतून पोखरते. चुन्याने सांधे भरले तर दगडही दिसतो आणि भिंतही टिकते. तिसऱ्या मागणीत मधली वाट आहे. दुकान अवश्य काढावे. चौकट तशीच ठेवून ढाळजेत काढावे. पूर्वीच्या पेठांतले व्यापारी ओसरीवरच तर बसत!

या उदाहरणात आम्ही काय केले? अर्ज एकसाथ मंजूरही केला नाही आणि नामंजूरही केला नाही. तो उकलला. जिवाचे आधी पाहिले, सोयीचे नंतर, आणि गल्लीचे जे आहे तेवढेच राखून ठेवण्यास सांगितले. जेथे नकार दिला तेथे दुसरा मार्ग दाखविला. तपासणीची सारी विद्या एवढीच आहे असे आम्हांला वाटते.

मात्र एक गोष्ट राहते. चुन्याचे काम करणारा गवंडी आणायचा कोठून, आणि जास्तीचा खर्च कोणी सोसायचा? याचे उत्तर न देता अर्ज अडवून ठेवणारी समिती ही गल्लीची राखणदार नव्हे. धनी मग परवानगीची वाट पाहत नाही. तो एका पावसाळ्यात भिंत आपोआप पडू देतो. ज्या गावाला आपले दर्शन हवे आहे त्याने घरपट्टीत सूट द्यावी, दोन तरुणांना चुन्याचे काम शिकवावे, उतरविलेल्या वाड्यांचे चांगले लाकूड गावातच राहील असे पाहावे. यांतील एकही गोष्ट पंचायतीच्या आवाक्याबाहेरची नाही.

अलीकडे, २०२० पासून, स्वामित्व योजनेखाली गावठाणांची विमानी यंत्राने मोजणी होऊन घरांना मिळकतपत्रिका मिळू लागल्या. काळीप्रमाणे पांढरीलाही कागद मिळाला, हे चांगलेच झाले. त्या कागदावर घराची हद्द आहे, क्षेत्रफळ आहे, धन्याचे नाव आहे. चौकटीवरची नक्षी, ओसरीचे खांब, भिंतीत ठेवलेला दिव्याचा कोनाडा हे त्यावर नाही, असणारही नाही. त्याची नोंद गावाने करावयाची आहे. पुढच्या वसंतापर्यंत आपल्या शाळेतील मुलांनी गल्लीगल्लीतून फिरून प्रत्येक जुन्या घराचे एक पान लिहिले, तर दुरुस्तीचा पहिला अर्ज येईल तेव्हा तो कशाशी ताडून पाहावयाचा हे पंचायतीला ठाऊक असेल. आजच्या व्याख्यानातून श्रोत्यांनी एवढे एक काम घरी नेले तरी आम्हांला पुष्कळ झाले.