पहिला चमचा कोण घेणार?

आमच्या ऑफिसात वर्षातून एकदा पॉटलक असतं. कोल्हापुरातली छोटी कंपनी, तीसेक माणसं. आठ दिवस आधी एक शेअर्ड शीट फिरते: नाव, पदार्थ, व्हेज की नॉनव्हेज, किती जणांना पुरेल. मटण आणि तांबडा-पांढरा कुणाचा, हे पहिल्या दहा मिनिटांत ठरून जातं. माझ्यासारख्या, भाड्याच्या रूमवर एक शेगडी आणि एक तवा बाळगणाऱ्यांच्या वाट्याला उरतात त्या साइड डिशेस.

यंदाही मी फोनवर शोधायला लागलो. सोपं हवं, स्वस्त हवं, पण डबा उघडल्यावर लोकांनी ‘नाद खुळा’ म्हटलं पाहिजे. दह्यातला खर्डा? काकडीची कोशिंबीर? की सरळ भडंग? काय लिहावं याचा विचार करत शीट खाली सरकवली आणि एका ओळीवर थांबलो. माझ्या शेजारच्या डेस्कवर बसणाऱ्या मित्राचं नाव. पदार्थाच्या रकान्यात लिहिलेलं: पेपर प्लेट्स, ग्लास, पाण्याच्या बाटल्या.

गेल्या वर्षीही त्यानं हेच आणलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी मात्र नाही. तेव्हा तो नवीन होता आणि वांग्याचं भरीत घेऊन आला होता. त्याच्या आईनं पहाटे उठून चुलीवर वांगी भाजली होती. मोठा स्टीलचा डबा. टेबलावरची बाकी सगळी भांडी रिकामी झाली, तो डबा जवळपास भरलेलाच घरी गेला. कुणी काही बोललं नाही. एकाचं पोट भरलं होतं, एकीला वांगं चालत नव्हतं, एकजण ‘नंतर घेतो’ म्हणाला.

‘नंतर घेतो’ म्हणणारा मी होतो.

त्याच्या डेस्कवर बाबासाहेबांचा छोटा फोटो आहे. कोण कुठला, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. विचारायची गरज पडत नाही. मी ते भरीत मुद्दाम टाळलं का? तेव्हा विचारलं असतं तर मी ‘छे’ म्हटलं असतं. पण टेबलावरच्या सतरा पदार्थांपैकी मी तेवढं एकच चाखलं नव्हतं, हे मला आज आठवतंय. प्रोग्रॅममध्ये बग दिसला की लॉग मागे मागे वाचत जायचं, हे माझं रोजचं काम. हा लॉग वाचत गेलो, तर तो पावणेदोनशे वर्षं मागे गेला.

अंगतपंगत आणि पंक्तिप्रपंच

पॉटलक हा शब्द नवा असला तरी गोष्ट आपल्याला नवी नाही. शाळेत आपण सगळ्यांनी अंगतपंगत केलीय. गोल करून बसायचं, डबे मध्ये सरकवायचे आणि दुसऱ्याच्या डब्यातलं खायचं. पण त्याच भाषेत दुसराही एक शब्द आहे: पंक्तिप्रपंच. म्हणजे एकाच पंगतीत बसलेल्यांशी वाढताना केलेला दुजाभाव. एखाद्या गोष्टीसाठी भाषेत खास शब्द लागतो, म्हणजे ती गोष्ट नेहमीचीच असणार.

माझी आज्जी खरकट्याचे नियम सांगायची. भात, भाकरी, आमटी, म्हणजे धान्य पाण्यात शिजवलं किंवा भिजवून भाजलं की ते खरकटं. त्याला कुणाचा हात लागला, कुणी शिजवलं, हे बघायचं. फळं, दूध, भाजके शेंगदाणे, लाह्या यांना तेवढं बंधन नाही. ते कुणाकडूनही घेतलं तरी चालायचं. आता पॉटलकच्या शीटमधले ‘सोपे’ पदार्थ बघा: चिवडा, भडंग, फ्रूट सॅलड, शेंगदाणे. आपण ते सोपे म्हणून निवडतो. पण ते सोपे का वाटतात, यात थोडा वाटा आज्जीच्या यादीचाही आहे. त्यांना कुणी नाही म्हणत नाही. आणि सगळ्यात बिनधोक काय, तर पेपर प्लेट्स.

लपून खाल्लेला पाव

१८४९मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा सुरू केली. जातिभेद मोडायचा, हा हेतू. सभेत येणाऱ्यानं परधर्मीयाच्या हातचा पाव सगळ्यांसमोर खायचा, पाणी प्यायचं, म्हणजे तो खरा सभासद. आज हसू येईल, पण त्या काळी त्या एका घासासाठी माणूस जातीबाहेर पडू शकत होता. म्हणूनच सगळं गुप्त. १८६०मध्ये सभासदांची यादी असलेली कागदपत्रं चोरीला गेली, नावं फुटणार अशी धास्ती पसरली आणि सभा मोडली. आजच्या भाषेत डेटा लीक झाला आणि ग्रुपच डिलीट करावा लागला.

तीस वर्षांनी पुण्यात याचा दुसरा प्रयोग झाला. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी शहरातली नामवंत मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यानानंतर मिशनच्या बायकांनी चहा-बिस्किटं पुढे केली. काहींनी चहा घेतला, काहींनी कप हातात धरून तसाच खाली ठेवला. कार्यक्रम जमवणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे पती. त्यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि गावात गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री आले. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. पुढे रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं आणि त्यांच्या अनुयायांनाच त्याचं वाईट वाटलं.

कप हातात धरून खाली ठेवणारी मंडळी मला फार ओळखीची वाटली. ‘नंतर घेतो’ म्हणणाऱ्यांचे ते पूर्वज.

कोल्हापूरची वेगवेगळी स्वयंपाकघरं

हे सगळं मुंबई-पुण्याचं झालं. आता आपल्या गावात येऊ. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात आणि आपण ते अभिमानानं सांगतो. पण सुरुवात कशी झाली, ते शाळेत फारसं सांगत नाहीत. राजर्षी शाहू महाराजांनी १८९६मध्ये सगळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढलं. व्यवहारात ते एकाच जातीच्या विद्यार्थ्यांचं होऊन बसलं. एकत्र राहण्या-जेवण्याची गोष्ट कागदावर होती, ताटापर्यंत आलीच नाही.

मग महाराजांनी वेगळी वाट घेतली. १९०१मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, पुढे मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. १९०८मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. एकत्र जेवत नसाल तर निदान सगळे शिका तरी, असा हा हिशेब. शिक्षण त्यामुळे खरंच पसरलं. चुली मात्र वेगळ्याच राहिल्या.

याच जैन बोर्डिंगमध्ये कुंभोजचा एक मुलगा राहत होता, भाऊराव पाटील. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो जाऊन आला. परत आल्यावर अंघोळ करून मगच आत ये, असं त्याला सांगण्यात आलं. त्यानं नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे याच माणसानं १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४मध्ये साताऱ्यात असं वसतिगृह सुरू केलं, जिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करायची आणि एकत्र जेवायची. त्या मुलांना जेवू घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी स्वतःचे दागिने मोडले. कोल्हापुरात १८९६मध्ये जे ताटापर्यंत पोचलं नाही, ते साताऱ्यात असं पोचलं.

भाऊसिंगजी रोडवरचा चहा

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहितोय.

शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे कामाला होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून तिथल्याच लोकांनी त्यांना बेदम मारलं. महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. पण गंगारामांना परत त्याच जागी पाठवलं नाही. स्वतःचा धंदा काढ, म्हणून पाठबळ दिलं. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं दुकान काढलं आणि नाव ठेवलं ‘सत्यसुधारक हॉटेल’.

दुकान स्वच्छ, चहा चांगला, जागा मोक्याची. गिऱ्हाईक मात्र नाही. महाराच्या हातचा चहा कोण पिणार?

१९१९मध्ये महाराजांनी शाळा, दवाखाने, सरकारी कचेऱ्या अशा ठिकाणी अस्पृश्यता पाळायची नाही, असे हुकूम काढले होते. हुकमानं दवाखान्याचं दार उघडता येतं. पण अमक्याकडचा चहा प्या, असा हुकूम काढून कुणाच्या गळ्याखाली तो उतरत नाही. मग महाराजांनी साधी गोष्ट केली. आपला खडखडा गंगारामांच्या दुकानासमोर थांबवायचा, भर रस्त्यात चहा मागवायचा आणि सगळ्यांदेखत प्यायचा. गाडीत बरोबर असलेल्या मानकऱ्यांनाही तो पाजायचा. छत्रपती पितात म्हटल्यावर मानकऱ्यांना कप खाली ठेवायची सोय नव्हती. हे एकदा फोटोपुरतं नाही, पुन्हा पुन्हा.

यात दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे हे लपून नव्हतं. परमहंस सभेचा पाव बंद दाराआड होता, हा चहा रस्त्यावर होता. दुसरी म्हणजे दिशा. आपल्याकडच्या पुष्कळ सहभोजनांत वरचे जेवण घालायचे आणि खालचे जेवायचे. त्यात कौतुक होतं, फोटो निघतात. पण खरी परीक्षा उलटी असते: त्यांनी शिजवलेलं तुम्ही खाता का? मार्च १९२०च्या माणगाव परिषदेत महाराजांनी डॉक्टर आंबेडकरांना आपल्या मुक्कामी जेवायला बोलावलं, ही गोष्ट मोठीच. तरी गंगारामांच्या दुकानातला चहा मला त्याहून अवघड वाटतो, कारण तिथं यजमान गंगाराम होते.

६ मे १९२२ रोजी महाराज गेले. १९२५मध्ये नर्सरी बागेत त्यांचं स्मारक उभारण्यात पुढाकार घेतला तो याच गंगाराम कांबळ्यांनी. चहा विकणाऱ्या माणसानं राजाचं स्मारक उभारलं. आम्ही त्या बाजूनं शेकडो वेळा गाडी मारतो. मला हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

साधी डिश मुद्दाम

आणखी एक माणूस सांगतो आणि थांबतो. ‘निर्भीड’चे संपादक अनंत हरि गद्रे, पुढे समतानंद म्हणून ओळखले गेलेले. त्यांनी १९४०च्या दशकात झुणका-भाकर सत्यनारायण सुरू केले. पूजेला दलित जोडपं बसायचं आणि प्रसाद शिऱ्याचा नाही, झुणका-भाकरीचा. पदार्थाची निवड बघा. शिरा सणासुदीचा, झुणका-भाकर गरिबाच्या घरातली. शिवाय आज्जीच्या यादीप्रमाणे भाकरी म्हणजे पक्कं खरकटं. फळाचा प्रसाद ठेवला असता तर कुणीही घेतला असता आणि काहीच सिद्ध झालं नसतं.

म्हणजे इम्प्रेसिव्ह डिश कोणती, या माझ्या प्रश्नाचं एक जुनं उत्तर हे होतं. स्वस्त, सोपी आणि खाताना बाजू घ्यायला लावणारी.

शीटमधली ओळ

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी मित्राला विचारलं, “यंदा काय आणतोयस?”

“लिहिलंय की. प्लेट्स.”

“भरीत आण की भावा.”

तो हसला. “प्लेट्स बऱ्या. प्लेट्स सगळे घेतात.”

यावर मला काही बोलता आलं नाही. थोड्या वेळानं मी म्हणालो, “त्या वर्षी मी घेतलं नव्हतं.”

“माहितीय,” तो म्हणाला. “डबा मीच घरी नेला होता.” मग जरा थांबून, “आईला सांगितलं, सगळ्यांना आवडलं म्हणून. रात्री गल्लीत वाटलं.”

मी माफी मागितली. त्यानं विषय बदलला. मी इतिहास वाचला म्हणून त्यानं त्याच्या आईला परत पहाटे उठवावं, अशी अपेक्षा करण्याचा मला हक्क नाही, हे मला तेव्हा कळलं. गंगारामांनी कुणाला चहा प्यायची विनंती केली नव्हती. त्यांनी दुकान उघडलं होतं. थांबायचं काम रस्त्यानं जाणाऱ्याचं होतं.

संध्याकाळी मी शीटमध्ये माझी ओळ भरली: दह्यातला खर्डा. तुम्हालाही सोपं काही न्यायचं असेल तर करून बघा. हिरव्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे थोड्या तेलावर तव्यात खरपूस भाजायचे, मीठ घालायचं, तव्यातच तांब्याच्या बुडानं रगडायचं आणि आयत्या वेळी घट्ट दह्यात कालवायचं. पंधरा मिनिटांचं काम. नाद खुळा म्हणतातच.

रात्री परत शीट उघडली. माझ्या मित्राच्या ओळीत प्लेट्स आणि बाटल्या तशाच होत्या. त्यांच्यापुढे स्वल्पविराम देऊन एक शब्द वाढला होता: भाकरी. किती जणांना पुरेल, या रकान्यात त्यानं लिहिलं होतं: बघू.

शुक्रवारी टेबल मांडलं की मी पहिला तिकडे जाणार आहे. सगळ्यांदेखत.