पानाच्या कडेबाहेरचे तीन मिलिमीटर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत नाटकांविषयी, ग्रंथालयाविषयी आणि गणेशोत्सवाविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. संपादक मंडळाने माझ्या वाट्याला छपाई दिली. १९७७ सालच्या पहिल्या वार्षिकांकापासून छापखान्याच्या पायऱ्या झिजविण्याचे काम मजकडे होते, म्हणून असेल. परंतु पन्नास वर्षांच्या छपाईची सगळी हकीकत सांगू लागलो तर निम्मी स्मरणिका त्यातच जाईल. म्हणून एकाच गोष्टीविषयी लिहितो. ती दिसावयास अगदी क्षुल्लक आहे. तिची रुंदी अवघी तीन मिलिमीटर.

छापखान्यात तिला ‘ब्लीड’ म्हणतात. एखादे चित्र किंवा रंग पानाच्या अगदी कडेपर्यंत न्यावयाचा असेल, तर तो कडेपाशी थांबवून चालत नाही. कागदांची थप्पी कापण्याच्या यंत्राखाली जाते तेव्हा एखादा ताव केसभर सरकलेला असतो, आणि पाते खाली येताना वरच्या व खालच्या कागदात किंचित फरक पडतो. चित्र नेमके कडेवर संपले असेल तर अशा पानाच्या काठाला पांढऱ्या दोऱ्यासारखी रेघ उरते. ती टाळण्यासाठी चित्र कडेच्या बाहेर तीन मिलिमीटर पुढे छापावयाचे आणि मग कापून टाकावयाचे. २१० बाय २९७ मिलिमीटरच्या पानासाठी छपाई २१६ बाय ३०३ ची होते. हा बाहेरचा पट्टा फेकून देण्यासाठीच छापलेला असतो. तो वाचकाच्या हाती कधीच पडत नाही, आणि म्हणूनच तो जपावयाचा असतो हे कोणाच्या लवकर ध्यानात येत नाही.

या शब्दाचा पूर्वेतिहास मोठा मजेदार आहे. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ रक्त वाहणे. जुन्या इंग्रज बांधणीकारांच्या बोलीत, कडा कापताना पाते समास ओलांडून अक्षरांतच शिरले की ते पुस्तक ‘रक्तबंबाळ’ झाले असे म्हणत. म्हणजे तो हलगर्जी कारागिरावरचा ठपका होता. पुढे चित्रे मुद्दाम कडेपर्यंत नेण्याची पद्धत पडली, आणि दोषाचे नाव युक्तीला मिळाले.

आपल्या मंडळाच्या पहिल्या दहाबारा अंकांत ही युक्ती शोधून सापडणार नाही. ते अंक खिळ्यांच्या छपाईचे. मराठीचे व्याकरण विल्यम केरी याने १८०५ साली छापले ते पुण्यात किंवा मुंबईत नव्हे, तर बंगालमधील श्रीरामपूरला, आणि १८१० साली त्याच छापखान्याने मोडी खिळ्यांत मराठी कोश काढला. परप्रांतात मराठी छापण्याची खटपट अशी जुनीच आहे. आमची खटपट त्यामानाने किरकोळ होती. गावातील छापखाना हिंदीचा. त्याच्या पेट्यांत ‘ळ’चे खिळे मोजके, आठ पानांना पुरतील एवढेही नसत. चार पाने जुळवावयाची, छापून घ्यावयाची, खिळे मोकळे करावयाचे आणि मग पुढची चार. ‘तऱ्हा’ आणि ‘वाऱ्या’ यांतील र-काराचे जोडाक्षर तर तेथे नव्हतेच. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येत आणि त्यावरून दरवर्षी वार्षिक सभेत एक तरी सभासद उठत असे. जुळाऱ्याला मराठीचा गंध नव्हता. तो एकेक अक्षर चित्रासारखे पाहून जुळवी, आणि खरे सांगावयाचे तर मराठी जाणणाऱ्यापेक्षा कमी चुका करी. या सगळ्या गदारोळात चित्र कडेपर्यंत न्यावे असा विचार कोणाच्या स्वप्नातही आला नाही. छायाचित्राचा ठसा पानाच्या मधोमध, भोवती काळी चौकट, चौकटीबाहेर ऐसपैस समास. जुने अंक ग्रंथालयात आहेत, जिज्ञासूंनी पाहावेत.

पुढे ऑफसेट आले. मजकुराचे ब्रोमाइड कापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवावयाचे आणि त्यावरून फिल्म काढावयाची, असा तो काळ. चित्रकार पुठ्ठ्यावर निळ्या पेन्सिलीने पानाची कड आखी आणि छायाचित्र त्या रेषेबाहेर बोटाच्या पेरभर चिकटवी. ब्लीड डोळ्यांना दिसे, हाताला लागे. पुठ्ठा या छापखान्यातून त्या छापखान्यात नेला तरी रेषेबाहेरचा तुकडा कोठे जात नसे.

तो नाहीसा होऊ लागला संगणक आल्यावर. १९८५ साली अमेरिकेतील आल्डस या कंपनीने पेजमेकर काढले. पंधराव्या शतकातील व्हेनिसचा मुद्रक आल्डस मनुशियस याच्यावरून कंपनीचे नाव ठेवणारा पॉल ब्रेनर्ड यानेच ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हा शब्द प्रचारात आणला. १९८७ साली डेन्व्हरच्या क्वार्क कंपनीचे क्वार्कएक्सप्रेस आले. १९९४ साली ॲडोबीने आल्डस विकत घेतली, आणि १९९९ साली आपले इनडिझाइन बाजारात आणले. पेजमेकरची अखेरची आवृत्ती, सातवी, २००१ सालची. सोळा वर्षांत तीन घराणी झाली, आणि प्रत्येकाची फाइल दुसऱ्याला परकी.

येथे एक बारकावा समजून घ्यावा लागतो, कारण पुढचा सारा घोटाळा त्यातून होतो. पुठ्ठ्यावर ब्लीड ही एकच वस्तू होती. संगणकात तिच्या दोन झाल्या. चित्र कडेबाहेर गेलेले असणे ही एक, आणि बाहेरचे किती राखावयाचे हा आकडा ही दुसरी. पेजमेकरमध्ये अशा आकड्याला वेगळी जागाच नव्हती. चित्र पानाबाहेर ओढावयाचे आणि छापताना मोठा कागद निवडून कापणीच्या खुणा मागावयाच्या, की झाले. क्वार्कच्या चौथ्या आवृत्तीत आकडा होता, पण तो छापण्याच्या वेळी विचारला जाई. इनडिझाइनने पुढे तो पानाच्या मापाबरोबरच, दस्तऐवजाच्या मांडणीत नेऊन ठेवला. त्यामुळे जुनी फाइल नव्या घरात उघडली की चित्र बहुधा जसेच्या तसे बाहेर लटकलेले दिसते, परंतु आकड्याच्या रकान्यात शून्य असते. उघडणाऱ्याने तो रकाना पाहिला नाही आणि तशीच फाइल छापावयास पाठविली, तर कडेबाहेरचे सर्व मुकाट्याने गळून पडते. कसलीही सूचना मिळत नाही. पडद्यावर पान सुरेख दिसते.

पीडीएफचीही तीच कथा. ती १९९३ साली आली तेव्हा तिला पान ठाऊक होते, पण कोठे कापावयाचे हे ठाऊक नव्हते. १९९९ सालच्या आवृत्तीपासून तिच्यात वेगवेगळ्या चौकटी नोंदविण्याची सोय झाली, एक कापणीची आणि एक ब्लीडची. २००१ साली छपाईसाठीच्या पीडीएफचा आंतरराष्ट्रीय मानदंड ठरला. तरीही एक पीडीएफ दुसऱ्या मांडणीत बसविताना कोणत्या चौकटीपर्यंत घ्यावयाची हे माणसालाच सांगावे लागते. कापणीची चौकट निवडली तर बाहेरचे तीन मिलिमीटर उंबरठ्यावरच राहतात.

आता आपल्या घरची गोष्ट. मंडळाच्या स्थापनेच्या वर्षी, १९७६ साली, पहिल्या गणेशोत्सवात एक छायाचित्र काढले होते. तीन रांगांत चाळीसएक मंडळी. २००१ सालच्या रौप्यमहोत्सवी अंकात ते पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत छापले. मूळ छायाचित्र तेव्हा छापखान्यात दिले ते परत आलेच नाही. त्या छापखान्याचे नाव घेण्यात आता अर्थ नाही. छायाचित्रात उजव्या टोकाला एक वहिनी उभ्या आहेत. त्या वर्षीचे सगळे मोदक त्यांनी केले होते. जुन्या कुटुंबांना नाव सांगण्याची गरज नाही, आणि त्या आता नाहीत. पानाच्या रुंदीत एका रांगेची पंधरासोळा माणसे, म्हणजे एकेक चेहरा पाचसहा मिलिमीटरचा. त्या अंकातच पात्याने वहिनींचा पदर आणि कान नेला होता.

हेच छायाचित्र या स्मरणिकेत पुन्हा घ्यावयाचे ठरले. आमच्या तरुण कार्यकर्त्याकडे जुन्या अंकाची पीडीएफ होती. ती पडद्यावर वाचण्यासाठी बनविलेली, नेमकी २१० बाय २९७ ची. तिच्यातून कडेबाहेरचे काही परत मिळेना. छापखाना म्हणाला, ब्लीड द्या. त्याने पान एकशे तीन टक्के मोठे केले. २१० चे २१६ झाले, छापखाना संतुष्ट झाला. परंतु वाढविलेल्या पानाचे बाहेरचे तीन मिलिमीटर पुन्हा कापले जाणार होते, आणि त्या तीन मिलिमीटरांत या वेळी वहिनींचा अर्धा चेहरा होता. नमुना पाहताना ते माझ्या ध्यानात आले. कार्यकर्त्याला दोष देत नाही. त्याने वहिनींना पाहिलेलेच नाही.

सुदैवाने २००१ सालची तबकडी माझ्या कपाटात होती. पेजमेकर ६.५ ची फाइल, आणि शेजारी छायाचित्राची पूर्ण मापाची प्रत. इनडिझाइनच्या २०१२ सालच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फायली उघडीत, पुढच्यांनी ते सोडून दिले. तशी जुनी आवृत्ती एका सभासदाच्या घरी धूळ खात पडलेल्या संगणकावर सापडली. फाइल उघडली तेव्हा मजकुराच्या जागी कसलीतरी चिन्हे दिसली. तेव्हाचे मराठी फाँट युनिकोडपूर्वीचे, ते फाँट संगणकात नसले की मराठी उरत नाही. शिवाय ‘टाइप वन’ जातीचे जुने फाँट तर ॲडोबीने २०२३ पासून स्वीकारावयाचेच सोडले आहेत. मजकूर आम्ही नव्याने टंकित केला. छायाचित्र मात्र जागेवर होते, उजव्या कडेबाहेर लटकलेले. ब्लीडच्या रकान्यात अर्थातच शून्य. तेथे तीन घातले. मग कार्यकर्त्याने चित्राची चौकट आणखी उघडून पाहिली, आणि आम्ही दोघेही गप्प झालो. मूळ छायाचित्र तेथे संपतच नव्हते. वहिनींचा पदर, कान, खांदा, आणि त्यांच्या हातातील आरतीचे तबक. ते तबक रौप्यमहोत्सवी अंकात आलेच नव्हते.

मी चित्र थोडे लहान करावयास सांगितले. वहिनी आता कडेपासून पुष्कळ आत आहेत. त्यांच्या उजवीकडे मंडपाचा खांब आहे आणि कापावयाचे तीन मिलिमीटर त्या खांबातून जातात. नवी फाइल सध्याच्या इनडिझाइनमध्ये जतन केली. शिवाय तिची एक प्रत आयडीएमएल या, २००८ पासून रूढ झालेल्या देवाणघेवाणीच्या रूपात ठेविली, कारण ती ॲफिनिटी पब्लिशरसारख्या इतर सॉफ्टवेअरांनाही उघडता येते आणि ब्लीडचा आकडा तिच्यात लिहिलेला असतो. छपाईची पीडीएफ ब्लीडसह निराळी आणि छायाचित्राची मूळ प्रत निराळी. चारही वस्तू मंडळाच्या कार्यालयात आहेत.

काल न कापलेला नमुना आला. चारही कोपऱ्यांत खुणा आहेत आणि खांब खुणेच्या बाहेरपर्यंत गेला आहे. मी पट्टीने मोजले, तीन मिलिमीटर भरले. कापणी परवा आहे.