मोंगलाईंतील मुक्काम

परदेशांतील स्वस्त मुक्कामाची निराशा म्हटली कीं विलायतेंतील ओलसर खोली आणि कवडीचा हिशेब ठेवणारी घरमालकीण डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु इंग्रजी अमलांत अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) गृहस्थास परदेश गांठण्यासाठीं समुद्र ओलांडावा लागत नसे. जिल्ह्याची पूर्वेकडील हद्द संपली कीं बीड जिल्हा, म्हणजे निजामाचें राज्य, लागे. आमचे पूर्वज त्यास सरळ ‘मोंगलाई’ म्हणत.

हद्द ओलांडतांना करोडगिरीचें नाकें असे व मालावर जकात द्यावी लागे. पलीकडे कचेरीची भाषा उर्दू, कागदावरील साल फसली आणि बाजारांतील नाणें हाली शिक्क्याचें. आंबेजोगाईस सरकारी दप्तरांत मोमिनाबाद म्हणत. आणि नवल असें कीं, दूर कोंकणांतील कित्येक चित्पावन घराण्यांची कुलस्वामिनी योगेश्वरी याच परमुलखांत! स्वतःच्या कुलदेवतेची ओटी भरण्यास परराज्यांत जावें लागावें, असा योग थोड्यांच्याच वांट्यास येतो.

यात्रेकरूस एका गोष्टीचें मात्र समाधान असे. इंग्रजी सहा रुपयांचे हाली सुमारें सात येत. बसल्या जागीं एक रुपया वाढला! पण मुक्कामीं पोहोंचल्यावर या वाढलेल्या रुपयाचें करावयाचें काय? धर्मशाळेस भाडें नाहीं, आणि पैसे टाकून घ्यावी अशी सोयहि तेथें नाहीं. डोक्यावर छप्पर आणि तीन दगडांची चूल एवढाच काय तो आश्रय. अंथरूण, भांडीं, शिधा ज्याचें त्यानें आणावें, आणि बैलगाडीच्या धक्क्यांनीं शिणलेल्या अंगानें, शेजारच्या चुलींच्या धुरांत डोळे चोळीत, रात्र काढावी.

घरीं परतलेला मनुष्य या हालांचें खापर मोंगलाईवर फोडून मोकळा होई. आमच्या मतें हा न्याय नव्हे. इंग्रजी मुलखांतील धर्मशाळा कांहीं निराळी नव्हती. दाता पुण्यासाठीं भिंती उभारतो. छप्पर दरसाल शाकारण्याची तरतूद करणारा विरळा. अहिल्याबाई होळकरांची थोरवी आम्हांस येथेंच दिसते. परळीच्या वैजनाथाच्या मंदिराचा त्यांनीं अठराव्या शतकांत जीर्णोद्धार केला हें सर्वश्रुत आहे. परंतु देशांतील अनेक देवस्थानांस त्यांनीं वार्षिक नेमणुकाहि लावून दिल्या, याचा उल्लेख क्वचितच होतो.

मोंगलाईवर दोष ठेवावयाचाच, तर तो वाटेचा ठेवावा. धोंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं नगरवरून गेला. बीड शहर मात्र आगगाडीवांचून राहिलें. तोहि दोष एकट्या निजामाच्या पदरीं घालतां येत नाहीं. त्याच्या फौजेनें १७ सप्टेंबर १९४८ रोजीं शरणागति पत्करली, पुढें करोडगिरी गेली, हाली शिक्काहि गेला. परंतु नगर-बीड आगगाडी धांवूं लागली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं.