लेव्हल क्रॉसच्या पेटींची वाटचाल

१९ जून १९४९. नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला नॅसकार या अमेरिकी मोटारशर्यत संघटनेची पहिली ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ शर्यत होती. शोरूममधून आणलेली गाडी फारसा फेरफार न करता मातीच्या ट्रॅकवर पळवायची, असा नियम. पस्तिशीतला ली पेटी उसनी आणलेली ब्युइक घेऊन उतरला आणि तिची पार वाट लावून बसला. सोबत आलेल्या घरच्यांना परतताना दुसऱ्याच्या गाडीत जागा मागावी लागली. पेटी एंटरप्रायझेसचा श्रीगणेशा झाला तो असा.

लीने जड गाड्यांचा नाद सोडला, हलकी प्लिमथ घेतली आणि त्याच हंगामात पहिली शर्यत जिंकली. लेव्हल क्रॉस या खेड्यात घराजवळच्या शेडमध्ये गाड्या तयार होऊ लागल्या. हा छंद नव्हता, बक्षिसाच्या पैशावर चूल पेटायची. ५४ विजय आणि ३ अजिंक्यपदे ही त्या हिशेबीपणाची कमाई. १९५९ च्या पहिल्या डेटोना ५०० मध्ये आधी दुसऱ्यालाच विजयी घोषित केले होते. छायाचित्रे आणि चित्रफीत तपासून तीन दिवसांनी निकाल लीच्या बाजूने फिरला.

त्याच वर्षी जूनमध्ये अटलांटाच्या लेकवूड ट्रॅकवर लीच्या २१ वर्षांच्या मुलासमोर, रिचर्डसमोर, विजयाचा झेंडा फडकला. पोराची ही पहिलीच मोठी बाजी. तेवढ्यात तक्रार आली, की फेऱ्यांची मोजदाद चुकली आहे. तक्रारदार होता खुद्द बाप! फेरतपासणी झाली आणि पहिला क्रमांक लीला मिळाला. आदल्या वर्षी टोरंटोला तर त्याने पुढे घुसताना याच पोराची गाडी कुंपणावर घातली होती. कुणी याला निष्ठुरपणा म्हणेल. मला तो या संस्थेचा पहिला नियम वाटतो.

१९६१ मध्ये डेटोनाला कठडा तोडून गाडी बाहेर फेकली गेली आणि लीची कारकीर्द जवळजवळ संपली. आता स्टिअरिंगवर रिचर्ड, इंजिनावर धाकटा भाऊ मॉरिस आणि बाकी सगळ्याची सूत्रे नात्यातल्याच डेल इनमनकडे. १९६७ मध्ये रिचर्डने ४८ शर्यतींत २७ जिंकल्या, त्यांतल्या १० लागोपाठ. हॅट आणि काळा गॉगल घातलेला रिचर्ड फोटोत यायचा, मॉरिसचे हात तेलात असायचे.

पुढे प्रायोजक आले. १९७२ मध्ये एसटीपी कंपनीला अख्खी गाडी लाल हवी होती. पेटींचा निळा रंग घरचाच: एकदा कुठलाच रंग पुरेना, तेव्हा होता तो पांढरा आणि निळा एकत्र ढवळला, तेव्हापासूनचा. रिचर्ड हटेना. शेवटी निळा आणि लाल दोन्ही लागले, आणि पुढे तीच ४३ नंबरच्या गाडीची ओळख झाली.

घरचीच माणसे राबायची, त्यामुळे घावही घरालाच बसायचे. १९७५ मध्ये टॅलाडेगाच्या पिटमध्ये पाण्याची दाबटाकी फुटली आणि रिचर्डचा मेहुणा रँडी ओवेन्स गेला.

१९७९ मध्ये सातवे अजिंक्यपद आले, १९८१ मध्ये डेटोना ५०० चा सातवा विजय. त्यानंतर लगेच इनमन दुसऱ्या संघात गेला आणि घडी विस्कटली. १९८३ मध्ये शार्लटला जिंकलेल्या गाडीचे इंजिन मर्यादेपेक्षा मोठे निघाले, टायरही नियमाबाहेर लावलेले. ३५,००० डॉलर दंड झाला. विजय मात्र, आश्चर्य म्हणजे, कायम ठेवला. पुढच्या हंगामात रिचर्डने घरचा संघ सोडला. ४ जुलै १९८४ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या उपस्थितीत त्याने डेटोनाला २०० वा विजय मिळवला, तो माइक कर्बच्या गाडीत. मुलगा काइलचीही तीच गत. नॅसकारच्या सर्वोच्च ‘कप’ मालिकेतले त्याचे आठही विजय परक्या मालकांच्या खात्यावर. रिचर्ड परतला, १९९२ मध्ये निवृत्त झाला. १९९९ मध्ये जॉन अँड्रेटीने मार्टिन्सव्हिलला जिंकलेली शर्यत संस्थेची शेवटची ठरली.

आशा होती ती चौथ्या पिढीवर, काइलचा मुलगा ॲडमवर. २ एप्रिल २००० रोजी तो टेक्सासला पहिली कप शर्यत धावला. तीन दिवसांनी पणजोबा ली गेला. १२ मे रोजी न्यू हॅम्पशायरला सरावात ॲडमची गाडी भिंतीवर आदळली आणि तोही गेला. वय १९. थ्रॉटल अडकला असावा, असे मानले गेले. इंजिन झटक्यात बंद करणारे बटण नंतर स्टिअरिंगवर सक्तीचे झाले. काइल मुलाचा ४५ नंबर घेऊन धावत राहिला. ॲडमच्या स्मरणार्थ २००४ मध्ये पेटी कुटुंबाने आजारी मुलांसाठी व्हिक्टरी जंक्शन हे शिबिर उघडले.

तोवर खेळ शेडमधला राहिला नव्हता. अभियंत्यांच्या फौजा आणि कोट्यवधी डॉलर लागत. २००८ मध्ये बाहेरचा भांडवलदार घेतला, वर्कशॉप मूर्सव्हिलला हलले. २००९ च्या सुरुवातीला संघ विलीन झाला आणि पेटी एंटरप्रायझेस हे नाव संपले. लेव्हल क्रॉसला आता संग्रहालय आहे. ४३ नंबर मात्र पुढच्या मालकांनी सोडला नाही: २०२२ मध्ये एरिक जोन्सने डार्लिंग्टनला सदर्न ५०० जिंकली, तो त्या नंबरचा २०० वा विजय होता.