एका स्फटिकाची वाट पाहताना

१९९७-९८च्या सुमारास एड्सविषयी बोलायला मी शाळा-कॉलेजांतून जात असे. अशाच एका भाषणानंतर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, ‘‘सर, नव्या औषधांनी रक्तातला विषाणू जवळजवळ दिसेनासा होतो, असं तुम्ही म्हणालात. मग माणूस कायमचा बरा का होत नाही?’’ मी काहीतरी उत्तर दिलं. त्याचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. तो प्रश्न पुढं अनेक वर्षं माझ्याबरोबर राहिला.

त्याचं उत्तर एका विकरापाशी, म्हणजे एन्झाइमपाशी आहे. त्याचं नाव इंटिग्रेज.

एचआयव्ही आपल्या पेशीत शिरतो तेव्हा त्याची माहिती आरएनएच्या रूपात असते. तिचा तो डीएनए बनवतो. हे उलट्या दिशेचं काम करणारं विकर १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधलं आणि १९७५ साली दोघंही नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. पण नुसता डीएनए तयार होऊन विषाणूचं भागत नाही. तो आपल्या डीएनएमध्ये बसवावा लागतो. इथं इंटिग्रेज कामाला लागतं. विषाणूच्या डीएनएच्या दोन्ही टोकांची दोन-दोन अक्षरं ते छाटतं, मग आपल्या डीएनएला छेद देतं आणि ती टोकं तिथं जोडून टाकतं. आपल्या सुमारे ३०० कोटी अक्षरांच्या मजकुरात जवळपास १० हजार अक्षरांचा परका मजकूर जाऊन बसतो. औषधं नवे विषाणू तयार होऊ देत नाहीत, पण बसलेला मजकूर त्यांना खोडता येत नाही. म्हणूनच औषध थांबलं, की विषाणू परत डोकं वर काढतो.

हे जोडकाम थांबवायचं, तर जोडणाऱ्याची रचना दिसायला हवी. प्रथिनाचा एक रेणू इतका लहान, की क्ष-किरणांना त्याच्या एकट्याकडून पुरेशी खूण मिळत नाही. लाखो-कोटी रेणू एकाच शिस्तीत रचून त्यांचा स्फटिक करावा लागतो. आपल्या घरातली खडीसाखर आठवा. पाकात दोरा सोडला, भांडं न हलवता ठेवलं, की दोऱ्यावर खडे धरतात. साखरेला ते सहज जमतं. इंटिग्रेजला जमेना. पाण्यात ते नीट विरघळायचंच नाही, त्याच्या गुठळ्या व्हायच्या.

अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रॉबर्ट क्रेगी, डेव्हिड डेव्हिस, फ्रेड डायडा, अॅलिसन हिकमन आणि त्यांचे सहकारी यामागं लागले. इंटिग्रेज ही २८८ अमिनो आम्लांची माळ आहे. त्यातल्या पाण्याशी फटकून वागणाऱ्या मण्यांच्या जागी एकेक करून दुसरे मणी घालून पाहिले. १८५ व्या जागचं फेनिलअॅलनिन काढून तिथं लायसिन घातलं, आणि विकराचा मधला भाग चांगला विरघळू लागला. त्याचा स्फटिक झाला आणि १९९४ साली रचना प्रसिद्ध झाली.

त्यातून एक कोडंही निघालं. स्फटिकात दोन रेणू जोडीनं होते, पण त्यांची कापणारी टोकं एकमेकांपासून फार दूर. आपल्या डीएनएवर तर विषाणूची दोन टोकं अवघ्या पाच अक्षरांच्या अंतरानं जोडली जातात. मग प्रत्यक्षात हे रेणू उभे कसे राहत असतील? डीएनए धरलेलं अख्खं विकर दिसल्याशिवाय हे कळणार नव्हतं, आणि त्याला आणखी सोळा वर्षं जायची होती.

मधल्या काळात औषध मात्र येऊन पोचलं. हे जोडकाम रोखणारी रसायनं २००० साली मर्कच्या संशोधकांनी दाखवली आणि ऑक्टोबर २००७ मध्ये राल्टेग्रॅव्हिरला अमेरिकेत मान्यता मिळाली. औषध लागू पडत होतं, पण ते नेमकं कुठं आणि कसं बसतं, याचं चित्र कुणापाशी नव्हतं.

ते मिळालं लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात. पीटर चेरेपानोव्ह यांच्या गटानं एचआयव्हीचा नाद सोडून त्याचा दूरचा भाऊबंद, फोमी विषाणू घेतला. चिंपांझींतून आलेला हा विषाणू माणसाला आजारी पाडत असल्याचं आढळलेलं नाही, पण त्याचं इंटिग्रेज वागायला सरळ. तरीही ४० हजारांहून अधिक प्रयोग करावे लागले. त्यातून सात प्रकारचे स्फटिक मिळाले आणि कामाचा निघाला एकच! २०१० साली ‘नेचर’मध्ये रचना छापून आली. विकराचे चार रेणू डीएनएच्या टोकांना धरून होते. आतले दोन जोडकाम करतात, बाहेरचे दोन आधार देतात. कोडं सुटलं. त्याच स्फटिकात औषध भिजवून पाहिलं, तेव्हा ते विकरातल्या धातूच्या दोन आयनांना चिकटून डीएनएचं टोक जागेवरून बाजूला सारताना दिसलं.

२०१७ साली खुद्द एचआयव्हीच्या इंटिग्रेजची डीएनएसह रचना अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं दिसली. गाभा फोमी विषाणूसारखाच होता. याच कुळातलं डोलुटेग्रॅव्हिर २०१३ साली अमेरिकेत मान्य झालं. आज ते असलेली गोळी आपल्याकडच्या सरकारी एआरटी केंद्रांतही मोफत मिळते. ती नियमित घेणारा माणूस नोकरी करतो, संसार करतो, म्हातारा होतो.

तो मुलगा आज चाळिशी ओलांडून गेला असेल. भेटला, तर आता मी त्याला नीट उत्तर देईन. म्हणेन, बाबा रे, नवी जोडणी आपल्याला अडवता येते. झालेली जोडणी उसवणं मात्र अजून साधलेलं नाही. तुझा अर्धा प्रश्न अजून शिल्लक आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)